डाव्या हाताची मुरड

तासगावच्या स्टँडवर गाडी भरून गेली होती. मला जागा मिळाली होती. हात मोकळे होते, मांडीवर काही नव्हतं. तेवढ्यात एक बाई चढल्या. हातात पांढरा पुठ्ठ्याचा खोका, तान्हं मूल धरावं तसा धरलेला. गर्दीतून वाट काढत त्या माझ्यापाशी येऊन थांबल्या.

मी उठायला लागलो. "बसा तुमी."

"उठू नका," त्या म्हणाल्या. "जागा नको मला. मांडी पायजे."

पुढच्या बाकावरची माणसं वळून बघायला लागली. मी अर्धा उभा, अर्धा बसलेला.

"खोका ठेवायला म्हणते मी! केक हाय आत. विट्याला पोचवायचाय. मला दांडी धरायला हात लागणार, आन तुमी सरळ बसणारे दिसताय."

मी खाली बसलो. त्यांनी खोका माझ्या मांडीवर ठेवला, दोन्ही बाजूंनी माझे हात लावून घेतले आणि म्हणाल्या, "आता हलू नका."

"फौजेत गाडी चालवलीय मी. बर्फातनं दारूगोळा नेलाय," मी म्हणालो.

"दारूगोळ्याला कुठं गुलाब असत्यात? ह्याला हायेत."

विट्यापर्यंत मी हललो नाही. त्या मात्र बोलत होत्या. नाव सुला. बापाचं नाव बिराप्पा, माहेर म्हणा घर म्हणा, कवठे महांकाळ. लग्न केलं नाही. बाप लवकर गेला, धाकट्या भावंडांची लग्नं लावता लावता स्वतःचं राहून गेलं, आणि त्याचं आता काही वाटत नाही, असं त्यांनी तिकीट काढता काढता सांगून टाकलं. तासगावात खोली घेऊन केक करतात, दिवाळीला फराळ करतात.

विट्याला उतरताना त्यांनी झाकण उचललं आणि आत बघितलं.

"एक गुलाब कललाय."

"खड्डा होता."

"खड्ड्यावर ढकलू नका, मेजर."

मी नाईक म्हणून निवृत्त झालो. पण आमच्याकडं फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, म्हणून मी ते तसंच चालू दिलं. त्या हसल्या. खोक्यावर नाव आणि फोन नंबर छापलेला होता. उंब्रजला घरी पोचेपर्यंत तो नंबर माझ्या डोक्यात होता.

त्या दिवशी मी मुलीकडून येत होतो. सृष्टी, माझी एकुलती एक. तासगावात दिली आहे. जावई दिग्विजय, त्यांची द्राक्षबाग आहे. सृष्टीला सातवा महिना लागत होता आणि डोहाळजेवण ठरलं होतं. तिच्या सासूबाई, शालूबाई, मनानं मोठ्या. त्यांनी तिला विचारलं, "बाळा, काय खावंसं वाटतंय? जे म्हणशील ते करू." सृष्टी म्हणाली, "आईच्या करंज्या."

माझ्या बायकोला, मालनला, जाऊन दोन वर्षं झाली होती. तिच्यानंतर आमच्या घरात कढई चढली नव्हती. मालन डावरी होती. करंजीची कड दुमडत जायची, म्हणजे मुरड घालायची, ती सगळ्या बायका उजव्या हातानं घालतात. हिची डाव्या हाताची, त्यामुळं तिची मुरड उलट्या बाजूला कलायची. फराळाची ताटं शेजारीपाजारी फिरली की लोक न विचारता ओळखायचे, ही मालनची.

डोहाळा राहू देऊ नये म्हणतात. मी काही झालं तरी तो पुरवणार होतो. पुढच्या रविवारी मी तो नंबर लावला आणि सुलाबाईंच्या घरी गेलो.

स्वयंपाकघर छोटं, पण जागच्या जागी सगळं. ओट्यावर ओव्हन, फळीवर रंगांच्या बाटल्या. त्या एका बाळाच्या वाढदिवसासाठी साखरेचा हत्ती करत होत्या.

"सोंड जरा लहान झाली," मी म्हणालो.

"बसा. अजून पाणी दिलं न्हाई तवर चुका काढाय लागला."

मी केक सांगितला. त्यावर साखरेचा पाळणा पाहिजे, असंही सांगितलं. मग मालनचं आणि सृष्टीच्या डोहाळ्याचं सांगून फोनमधला फोटो दाखवला. मालनच्या शेवटच्या दिवाळीचं ताट.

"अशा करंज्या पायजेत. हुबेहूब."

त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला. बराच वेळ बघितला. "डावऱ्या होत्या?"

"व्हय."

"माझ्या हाताला येईल ही मुरड. पण मी घालणार न्हाई."

"का?"

"पोरगी घास घेईल, आईची म्हणून रडंल. मग तिला कळंल की तासगावच्या केकवालीनं केल्यात. मेलेल्या माणसाची खोटी सही करायची न्हाई, मेजर. तुमच्या मालनबाईंची मुरड त्यांचीच ऱ्हाऊ द्या. मी करीन ती माझी मुरड असंल."

मला राग आला. मी फोन खिशात घातला आणि उठलो. "मग ऱ्हाऊ द्या. दुसरीकडं बघतो."

"बघा की. दुसरीकडं मुरड न घालता कातणानं कड कापून देतील."

मी दारापर्यंत गेलो.

"एक विचारू?" त्या हत्तीची सोंड ओढत म्हणाल्या. "त्या करंज्या करायच्या तवा तुमी कुठं बसायचा?"

"समोर. सुट्टीवर आलो की मी पाऱ्या लाटून द्यायचो."

"मग मुरड बघून बघून पाठ असंल. तुमच्याइतकी ती कुणी बघितली न्हाई. तुमी घाला."

"माझी बोटं स्टेअरिंगची हायेत."

"तुमाला डावा हात हाय का न्हाई?"

मी परत आत आलो आणि चप्पल काढली.

त्यानंतर दर रविवारी मी दुपारपर्यंत मुलीकडं असायचो आणि मग सुलाबाईंच्या ओट्यापाशी. पहिल्या दिवशीच्या करंज्या कढईत फुटल्या. सारण तेलात, आणि त्या पोटाला धरून हसत होत्या.

"अहो, हा बॉम्ब न्हाई. दाबून धरायचं न्हाई त्याला. चिमटीत घ्यायचं, दुमडायचं, सोडायचं. चिमटीत घ्यायचं..."

"सोडायचं. कळलं."

"कळलं म्हणता आन मुटका वळता."

मी डाव्या अंगठ्यानं पुन्हा पुन्हा करायचो. त्या शेजारी केकवर क्रीमच्या वेली काढायच्या. मी कधीकधी माझं सोडून तिकडंच बघायचो. क्रीमचा कोन हातात घेतला की त्यांचा श्वास थांबायचा, पान पूर्ण झालं की सुटायचा. तेवढ्या वेळात मीही श्वास घ्यायचो नाही, हे माझ्या लक्षात उशिरा आलं.

एकदा दुपारी आभाळ आलं. अवकाळीचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले आणि वीज गेली. ओव्हनमध्ये केक होता.

"बसला आता हा," सुलाबाई म्हणाल्या.

"उघडून बघू?"

"हात लावू नका! झाकलेला असला तर आतल्या आत होईल. धीर धरायचा." त्यांनी दार उघडलं. बाहेरचा ओला उजेड आत आला. त्या उजेडात आम्ही समोरासमोर बसून करंज्या भरायला लागलो. त्यांची मुरड उजवीकडं, माझी डावीकडं.

"गालाला पीठ लागलंय," त्या म्हणाल्या.

"पुसा."

"तुमाला हात न्हाईत व्हय?"

"दोन्ही गुंतलेत."

त्यांनी पदराच्या टोकानं माझा गाल पुसला. घाई केली नाही. मग हात मागं घेतला आणि तोंड वळवून म्हणाल्या, "वास आला. झाला बघा केक."

झालाही होता. मधोमध थोडा खचलेला. तो आम्ही दोघांनी खाल्ला.

त्या रात्री घरी मालनच्या फोटोसमोर उभा राहिलो. मला वाटलं होतं, अपराध्यासारखं वाटेल. तसं वाटलं नाही. मी तिला सांगितलं, तुझी मुरड जमायला लागलीय. बाकीचं तिला कळतच होतं.

डोहाळजेवणाच्या आधल्या दिवशी आम्ही करंज्या तळून काढल्या. सुलाबाई त्यांच्या करंज्या वेगळ्या डब्यात भरायला लागल्या. मी डबा ओढून घेतला आणि सगळ्या एकत्र केल्या.

"उद्या केक दारात देते आन जाते," त्या म्हणाल्या.

"आत या."

"मी कुठंच आत जात न्हाई. केक दिला की केकवालीचं काम संपतं."

"मी बोलावतोय."

"कोण म्हणून येऊ, मेजर?" त्यांनी झाकण लावता लावता विचारलं. आवाज नेहमीसारखाच होता, पण माझ्याकडं बघितलं नाही. "ते सांगा. मग येते."

मला उत्तर माहीत होतं. पण ते त्यांच्याआधी माझ्या मुलीला कळायला हवं होतं. तिच्या आईची जागा होती ती. सृष्टीचा चेहरा पडला असता, तर मी गप्प उंब्रजला जाऊन बसलो असतो. म्हणून मी त्या दिवशी एवढंच म्हणालो, "उद्या सांगतो."

"उद्या कशाला गं बाई," असं काहीतरी त्या पुटपुटल्या आणि गॅस पुसायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी शालूबाईंनी अंगणात झोपाळा सजवला होता. सृष्टी हिरव्या साडीत, अंगावर फुलांचे दागिने. बायका ओट्या भरून बाजूला झाल्या आणि मी करंज्यांचं ताट तिच्या पुढ्यात धरलं.

तिनं एक उचलली. कडेवरून बोट फिरवलं. वेडीवाकडी होती, एका ठिकाणी शिवण उकललेली. पण डावीकडं कललेली.

"पप्पा... ही कुणी केली?"

"मी."

"तुमी?"

"आईसमोर बसून पाऱ्या लाटल्यात मी. तिची मुरड मी न्हाई घालायची तर कुणी?"

तिनं घास घेतला. डोळे भरले आणि ती हसायलाही लागली. "आईची फुटायची न्हाई कवा."

"पुढच्या वेळी फुटणार न्हाई."

तिनं दुसरी उचलली. बारीक, एकसारखी, उजवीकडं कललेली. "आन ही? ही तुमची न्हाई."

दारात सुलाबाई उभ्या होत्या. केक शालूबाईंच्या हातात देऊन झाला होता, पायात चप्पल घालत होत्या.

"ही सुलाबाईंची," मी म्हणालो, अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात. "मला शिकवलं त्यांनीच. हुबेहूब आईसारख्या करा म्हणालो, तर न्हाई म्हणाल्या. मला ह्यांच्याशी लग्न करायचंय. अजून विचारलं न्हाई. तुला आधी सांगतोय."

दिग्विजय पाण्याचा तांब्या घेऊन तसाच उभा राहिला.

सृष्टीनं उजव्या मुरडीची करंजी खाल्ली. सगळी. सावकाश. माझ्या आयुष्यात मी इतकी लांबलेली करंजी बघितली नाही.

"आईच्यात खोबरं जास्त असायचं," ती म्हणाली. मग दाराकडं बघितलं. "मावशी, चप्पल काढा की. आन पप्पा, तुमी विचारा आता. त्या निघाल्यात."

मी दारापाशी गेलो. सुलाबाईंचा चेहरा लाल झाला होता. हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. खोका नव्हता ना हातात.

"कोण म्हणून येऊ, विचारलं होतं," मी म्हणालो. "घरची म्हणून या."

"एवढ्या माणसांत विचारत्यात व्हय?"

"फौजेत हळू बोलायला शिकवत न्हाईत."

मागून शालूबाई म्हणाल्या, "हो म्हण गं बाई, केक वितळाय लागला!"

सुलाबाई हसल्या. मग हसू थांबवून त्यांनी माझ्याकडं नीट बघितलं.

"एक अट हाय. दिवाळीला निम्म्या करंज्या तुमी करायच्या. डाव्या हातानं. ती मुरड सोडायची न्हाई, माझ्यासाठी तर अजिबात न्हाई."

मी मान हलवली.

त्यांनी चप्पल काढली.

संध्याकाळी विट्याला अजून एक केक पोचवायचा होता. गाडीत या वेळी दोघांना शेजारी जागा मिळाली. खोका निम्मा तिच्या मांडीवर, निम्मा माझ्या. तिचा उजवा हात वर, माझा डावा खाली.

"पुढं खड्डा हाय," मी म्हणालो.

"म्हाईत हाय," सुला म्हणाली. "हलू नका."