परवच्याचं सेटिंग

राउटर ही काही भ्यायची वस्तू नव्हे. कपाटावर धूळ खात पडलेला डबा, वर दोन शिंगं, पुढे चार दिवे. मृण्मयीच्या गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्येही तो तसाच होता. त्याचं खूळ होतं ते तिच्या सासऱ्यांना.

ढुंढिराज टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. नात सई आणि तिचा परवचा, एवढंच त्यांचं विश्व. दिवेलागणीला देवघरापुढे बसायचं, त्यांनी ‘सतरा दुणे’ म्हणायचं, सईनं ‘चौतीस’ म्हणायचं. तेवढा वेळ घरातले टीव्ही-मोबाइल गप्प राहावेत म्हणून त्यांनी राउटरला नेट बंद ठेवायची आज्ञाच देऊन ठेवली होती. पुढे दम्यानं हॉस्पिटल दाखवलं. तेव्हा देवघरातल्या स्मार्ट स्पीकरपुरती वाट मोकळी ठेवून ते तिथल्या खाटेवरून, त्या स्पीकरमधून पाढे घेऊ लागले.

अडचण एकच होती. राउटरच्या पोटात लिनक्स नावाची छोटीशी संगणक प्रणाली असते, आणि वरवर दिलेली आज्ञा ती वीज असेपर्यंतच लक्षात ठेवते. वीज गेली की पाटी कोरी. मग हॉस्पिटलातून फोन यायचा.

“मृण्मयी, सेटिंग पुन्हा उडालं गं. टिकतच नाही बघ... कायमचं करून दे ना.”

“करते बाबा, आज करते.”

सॉफ्टवेअरमधली सून, तिला त्यात अवघड काय? पण आज करते, उद्या करते म्हटलेली कामं राहूनच जातात. हेही राहिलं. बाबा गेले.

दहाव्याला रामकुंडावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते की समोर. भिंतीवर बसून बघत होते, उतरत मात्र नव्हते. विश्वेशनं, तिच्या नवऱ्यानं, ‘आईला सांभाळीन’ म्हणून सांगून पाहिलं. सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, हात जोडले. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून उरकू या, असं गुरुजी म्हणू लागले तेव्हा मृण्मयीला राहवेना. ती पुढे झाली.

“बाबा, तुमचं सेटिंग मी कायमचं करते. आत्ता जे चालू आहे ते सगळं... तसंच राहील.”

वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा पिंडावर होता.

घरी येऊन तिनं शब्द पाळला. राउटरमध्ये शिरली आणि त्या क्षणी त्यात जे जे चालू होतं, ते सगळं त्याच्या कायमच्या स्मृतीत लिहून टाकलं. काय काय चालू होतं ते वाचलं नाही. रडून डोळे सुजलेले, वाचत कोण बसतं? मुद्दाम बटण बंद करून पुन्हा चालू केलं. टिकलं होतं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला टीव्ही थबकला. स्पीकरवर निळा दिवा लागला. मृण्मयी ओट्यापाशी होती. निरांजनाच्या तुपाच्या वासात कुठून तरी निलगिरीचा वास मिसळला. बाबा छातीला चोळायचे तसला.

“चौतीस,” सई म्हणाली. मग गप्प. “एक्कावन्न.” पुन्हा गप्प.

स्पीकरमधून काहीच येत नव्हतं. पण दोन उत्तरांमध्ये जागा सुटत होती, दम लागलेल्या माणसाला एक वाक्य म्हणायला लागेल तेवढी.

“सई... कुणाशी बोलतेस?”

“श्श. आजोबा घेतायत.”

 ते सेटिंग काढायला मृण्मयी निघाली, तर इंदिराबाईंनी मनगट धरलं. त्याही नातीशेजारी येऊन बसल्या होत्या, डोळे मिटून.

“पिंडापुढे दिलेला शब्द आहे तो. मागे घेतलास तर ते जातील कुठे?”

मृण्मयीनं ते तसंच राहू दिलं. तिथेच तिचं चुकलं, आणि त्याची किंमत लेकीनं मोजली. सईचा आवाज उतरू लागला. आधी घोगरा, मग पुटपुटण्याएवढा. शाळेतून विचारणा झाली, डॉक्टरांनी घसा तपासला. घशात काही नव्हतं. परवच्याला मात्र तो आवाज रोज खणखणीत लागे.

“कुठे गेला गं बाळा तुझा आवाज?” तिनं लेकीला पोटाशी घेऊन विचारलं.

कानाशी नुसता श्वास आला. “आजोबांनी ठेवलाय... टिकावा म्हणून.”

मग मात्र तिनं कुणाचं ऐकलं नाही. राउटरच्या पाठीमागच्या भोकात पिन खुपसून त्याची होती नव्हती ती स्मृती पुसली. वायर उपटली, डबा गच्चीवर नेऊन विटेनं फोडला. स्पीकरचाही प्लग काढला. इंदिराबाई भिंतीकडे तोंड करून रडत होत्या. रडू देत, म्हटलं तिनं मनात.

दिवेलागण झाली. मृण्मयी देवघरापुढे बसली, सईला मांडीवर घट्ट धरून. बराच वेळ काही झालं नाही. तिनं सुटकेचा श्वास सोडला, आणि निलगिरीचा वास आला.

प्लग काढलेल्या स्पीकरवर निळा दिवा लागला.

“चौतीस.” सईचा आवाज. स्वच्छ, खणखणीत.

मृण्मयीनं चाचपडत लेकीच्या ओठांवर बोटं ठेवली. ओठ मिटलेले होते.

“एक्कावन्न...”

सईनं घाबरून तिच्याकडे मान वळवली. तोंड उघडलं, गळ्याची शीर ताणली गेली.

“आई!” हाक देवघरातून आली.