सुमनबाईंचा रंग

चित्राचा फोटो काढून घ्यायला गोंदियाला जायचं होतं, पण बस डोळ्यांदेखत सुटली, म्हणून दुर्गेश्वरीला अर्जुनी मोरगावच्या बसस्टँडसमोरच्या त्याच फोटो स्टुडिओची पायरी चढावी लागली. नाहीतर वर्षभर तिने तिकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

काउंटरवर तिने लुगड्यात गुंडाळलेलं चित्र उघडून ठेवलं. धानाच्या बांधीत वाकून रोपांची रोवणी करणारी तिची आई, सुमनबाई, तेलरंगात. नागपूरच्या एका प्रदर्शनाला आधी फोटो पाठवायचा होता; तो आवडला तरच चित्र बोलावणार होते. पोस्टात टाकायला उद्याचा एकच दिवस उरला होता.

स्टुडिओचा मालक चंद्रकुमार चित्राकडे बघत राहिला. मग तिच्याकडे... जरा जास्तच वेळ.

"तुमी काढलं?"

"नाही, बकरीनं काढलं."

तो हसला. हसू मात्र छान होतं मेल्याचं, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं.

लग्नाच्या फोटोंत त्याचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता, पण या चित्राने त्याला घाम फोडला. फ्लॅश मारला की तेलरंगावर पांढरा डाग. शेवटी त्याने फ्लॅश काढून ठेवला, दोन दिवे दोन बाजूंना तिरके लावले, कॅमेरा तिपाईवर चढवला. तरी चकाकत्या रंगात त्याचाच पांढरा शर्ट उमटायचा. मग बिचारा ऑगस्टच्या उकाड्यात काळी शाल पांघरून उभा राहिला.

"अस्वल दिसून राहिले," ती म्हणाली.

"तुमच्यासाठी अस्वल बी होतो," तो पुटपुटला आणि घाईघाईने लेन्स पुसू लागला.

संध्याकाळी त्याने प्रिंट हातात दिली आणि दुर्गेश्वरीचा चेहराच उतरला. चित्रातल्या काळ्या सुमनबाई गव्हाळ झाल्या होत्या, गुलाबी गालांच्या.

"हे काऊन केलं?"

"कॉम्प्युटरवर थोडी उजळली... लग्नाच्या फोटोत सगळ्याच पोरींना करतो. सवय पडली हाताले."

"मालूम आहे. मागच्या साली माझा फोटो बी असाच उजळला होता तुमी." तिने प्रिंट काउंटरवर उलटी ठेवली. "तो पाहून पोराकडचे आले. मले पाहिलं अन् चहा बी पुरा नाही पेला. माय म्हणे, तू माझ्यावर गेली म्हणून असं झालं... त्याच्यासाठीच हे चित्र काढलं मी. ती कशी सुंदर आहे, ते तिले दिसावं म्हणून."

चंद्रकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"चित्र ठेवून जा," तो म्हणाला. "सकाळी या... भरवसा असन तर."

भरवसा नव्हता. तरी ती ठेवून गेली.

सकाळी तिने पाहिलं, तर चित्र मागच्या पडवीत, सावलीत मांडलेलं. ऊन नाही, दिवा नाही, सगळीकडून सारखा मऊ उजेड. शेजारी त्याने कोरा पांढरा कागद धरला, पांढरं म्हणजे काय ते कॅमेऱ्याला आधी कळावं म्हणून. शटर सावकाश ठेवलं, कॅमेरा जराही हलू नये म्हणून टायमर लावला आणि बोट ओठांवर ठेवलं. दोघं श्वास रोखून शेजारी शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लागेल इतकी जवळ.

प्रिंट त्याने चित्राशेजारी, उजेडात धरली. सुमनबाई आता काळ्याच होत्या, भिजलेल्या हातांवर तांब्याची झाक असलेल्या, जशा होत्या तशा. दुर्गेश्वरीच्या डोळ्यांत पाणी तरळलं. हा माणूस आपल्याला आवडलाय, हे तिने तेव्हा स्वतःशी मान्य करून टाकलं.

लिफाफा पोस्टात टाकून दोघं परतली.

"तुमचा बी एक फोटो काढू?" त्याने विचारलं. "कशालेच हात नाही लावत."

"कोणाले दाखवाले?"

"माझ्या मायले..." त्याचे कान लाल झाले. "तुमची हरकत नसन तर."

दुर्गेश्वरीने चित्र लुगड्यात नीट बांधलं, गाठ मारली आणि सरळ त्याच्या डोळ्यांत पाहिलं.

"फोटो कायले?" ती म्हणाली. "मलेच घेऊन चाला."