मरियामातेची बटणं

चर्चचा कारभारी तेओदोसिओ भर रस्त्यात इरेनेला म्हणाला, "झालं ते विसर. म्हाताऱ्या फादरचं नाव कशाला बाटवतेस?" इरेनेकडून हे ऐकताना क्लोरिंदाबाईंचे चुलीवरचे बटाटे करपले.

"विसर म्हणे. याला गेल्या वर्षी कोंबड्याने टोच मारली, ती अजून गावाला दाखवत फिरतो."

समोर इरेने बसली होती. लहानपणी त्याच फादरने तिच्यावर अत्याचार केला, हे तिने तीस वर्षांनी तोंडातून काढलं होतं. फादर म्हणत होता, त्या उन्हाळ्यात मी चिलोए बेटावर एकही रात्र राहिलो नाही. चर्चच्या मुक्कामाच्या वहीत मात्र त्याच्या सह्या होत्या. काल संध्याकाळी गावातल्या चार बायकांनी ती वही कपाटात बघितली होती. आज ती गायब होती, आणि दुपारच्या बोटीने इरेनेची जबानी घ्यायला सरकारी वकीलबाई येणार होत्या.

"वही नाही तर मी खोटी, मावशी," इरेने म्हणाली.

"बघू."

चिलोए बेटावर मेंढी हरवो की नवरा, शोधायला क्लोरिंदाबाईच. मदतीला जावई नोल्बेर्तो. त्याला स्वतःची टोपी सापडत नसे.

तेओदोसिओच्या घरात नोल्बेर्तो जुन्या कॅलेंडरांच्या ढिगाला अडखळला.

"हळू. वर संतांची चित्रं आहेत, म्हणून तर जाळत नाही," तेओदोसिओ खेकसला. "वहीचं म्हणाल तर चर्चच्या किल्ल्या दोघांकडेच. मी आणि मूर्तीला झगा घालणारी एर्मिंदा. तिला विचारा."

एर्मिंदा खाटेवर होती, पाय प्लास्टरमध्ये. "काल सकाळी मरियामातेला मिरवणुकीचा झगा घातला आणि पायरीवरून घसरले. तेव्हापासून इथेच. किल्ली उशाखाली."

"झगा घालताना कोणी पुरुष?"

"काहीतरीच. मूर्तीला डोकं आणि हात तेवढे, खाली नुसता पट्ट्यांचा पोकळ सांगाडा. पुरुषांनी बघायचं नसतं ते. सहा बटणं पाठीला, माझ्या आजीपासून."

चर्चमध्ये तेओदोसिओ आणि इरेने आधीच आले होते.

"छान दिसते माता," नोल्बेर्तो म्हणाला. "समोर मोत्यांची बटणं काय शोभतात."

"जावईबापू, लग्नानंतर आज पहिल्यांदा तुमचा उपयोग झाला." बाई कारभाऱ्याकडे वळल्या. "एर्मिंदाने बटणं पाठीला लावली. आता ती पुढे आहेत. म्हणजे नंतर कोणीतरी झगा काढला आणि स्वतःच्या शर्टासारखा परत घातला. इथल्या बाईची अशी चूक होणार नाही. आणि किल्लीवाला पुरुष एकच."

"मी घेतली असती तर जाळली नसती?"

"तू? तू कॅलेंडर जाळत नाहीस, चर्चची वही जाळशील?"

नोल्बेर्तोने अदबीने भिंतीकडे तोंड केलं. इरेनेने स्वतः सहा बटणं सोडली, सांगाड्यात हात घातला आणि वही काढली. त्या उन्हाळ्यातल्या तीन रात्री. तीन सह्या. ती खाली बसली आणि वही पोटाशी धरून रडली. बाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"मी चर्चची लाज राखत होतो," तेओदोसिओ पुटपुटला.

"कागद जाळायची वेळ आली तेव्हा तुला पाप आठवलं, तेओदोसिओ. ही जिवंत बाई खोटी पडताना नाही आठवलं. किल्ली ठेव इथे. वकीलबाई आल्या की वही कुठे लपवली होतीस ते तूच सांगायचंस. मग इरेने बोलेल, आणि ती थांबेपर्यंत तू तोंड उघडायचं नाहीस."