सुई ओवून दे गं

ही आमच्या ताईची, म्हणजे माझ्या मावसबहिणीची गोष्ट. ताई थापा मारणाऱ्यातली नाही. थापा मारायलाही अंगात त्राण लागतं.

भुतं रात्री येतात म्हणे. हे घडलं भरदुपारी, ताईच्या दोन खोल्यांच्या घरात.

ताई नर्स. रात्रपाळी करायची, दिवसा झोपायची. झोपायची कसली! डोळा लागला की बाहेरच्या खोलीतून मावशीची हाक, "सुई ओवून दे गं..."

मावशीला सुईचं नेढं दिसत नव्हतं, पण शिवल्याशिवाय करमायचं नाही. ताई पेंगत उठायची आणि मुद्दाम लांबलचक दोरा ओवायची. पुन्हा लवकर हाक नको.

"आळशी कुठली!" मावशी करवादायची.

मग मावशी गेली. मागे उरली तिनं शिवलेली चिंध्यांची बाहुली. हात निखळलेला, पोट उसवलेलं.

ताईच्या धाकट्या बहिणीचा फोन आला. "ताई, टाकू नकोस गं. शिवून ठेव, माझ्या पोरीला नेईन."

ताईला साधं बटण लावता येत नाही. दुसऱ्याकडून शिवून घ्यावी तर आईचे टाके जाणार. टाकून द्यावी तर मन धजेना. शेवटी बाहुली आईच्या खुर्चीत ठेवली, शेजारी सुईदोऱ्याचा डबा, आणि ती आडवी झाली.

डोळा लागला, आणि...

"सुई ओवून दे गं..."

"आले," ताई म्हणाली. सवयीनं उठली, सुई ओवून खुर्चीच्या हातावर ठेवली, परत येऊन पडली.

मग दचकून उठली.

खुर्चीत बाहुलीशिवाय कुणीच नव्हतं. पण तिचा हात...

जोडलेला होता. मावशीच्याच बारीक टाक्यांनी. सुईत दोरा नव्हता.

"झोपेत तूच शिवला असशील," धाकटी म्हणाली.

दुसऱ्या दुपारी पुन्हा हाक. ताईनं ओवून दिली. पोटही शिवून झालं.

त्यानंतर हाक आली नाही.

आता खुशाल झोपावं की नाही? इतकी वर्षं हेच तर हवं होतं. पण झोप येईना. "मेल्यासारखी दमलेय गं," ती मला म्हणाली, "पण आईनं हाक मारल्याशिवाय डोळाच लागत नाही."

धाकटी बाहुली न्यायला येणार, त्याच्या आदल्या दुपारी ताईनं कात्री घेतली. टरकन पोट उसवलं आणि वाट पाहत पडून राहिली.

बराच वेळ काहीच नाही.

मग... बाहेरच्या खोलीतून नाही, अगदी उशीजवळून...

"मुद्दाम उसवलंस ना?"

धाकटी रिकाम्या हातानं परत गेली. अजून फोन करते, "झाली का गं बाहुली?"

"थोडं राहिलंय," ताई म्हणते.

परवा मी भेटायला गेले होते. बाहुलीचं कापड आता दिसतच नाही. नुसते टाके. काळेभोर.

डब्यात एकही रीळ शिल्लक नव्हतं. आणि ताईची कमरेपर्यंतची वेणी जेमतेम खांद्यावर आली होती.

बोलता बोलता ताई थांबली...

"आले गं, आई," म्हणाली, आणि उठून चालता चालता वेणी सोडू लागली.

मला काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी चप्पल पायात सरकवली आणि निघाले. तेव्हापासून दुपारी डोळा मिटायची माझी हिंमत होत नाही.