लेस्टरचं अष्टप्रधान मंडळ

मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. म्हणजे माणसाला हेडफोन लावून बंद खोलीत बसवायचं, बारीक बारीक आवाज ऐकवायचे आणि ऐकू आला की बटण दाबायला सांगायचं. इंग्लंडात, लेस्टरच्या हॉस्पिटलात हे काम करताना एक गोष्ट मी पक्की शिकले. आवाज नसताना बटण दाबणारे लोक पुष्कळ असतात. ते खोटं बोलत नसतात. त्यांना ऐकू यावंसं वाटत असतं, इतकंच.

१९८८च्या उन्हाळ्यात आमचं महाराष्ट्र मंडळ फुटायच्या बेताला आलं होतं. कारण म्हणाल तर अळूचं फदफदं. गणपतीच्या जेवणाला ते घरी करायचं की सगळं जेवणच बेलग्रेव्ह रोडवरच्या केटररकडून मागवायचं, यावरून माझा नवरा श्रीकांत आणि रेखाचा नवरा जयंत यांची जुंपली, आणि बघता बघता प्रकरण अध्यक्षपदावर गेलं. दोघांनाही तेच हवं होतं. जयंतनं तर वेगळं मंडळ काढायची धमकीही देऊन टाकली.

खरं सांगायचं तर मला मंडळाचं काही पडलं नव्हतं. मला रेखाची काळजी होती. लग्न होऊन इथे आले तेव्हा पहिला हिवाळा मी निव्वळ रडून काढला होता. रेखानं मला गाडी शिकवली, बर्फावरून न पडता चालायला शिकवलं आणि पडलेच तर हसायला शिकवलं. रोज सकाळी तिच्याशी फोनवर बोलल्याशिवाय माझा चहा घशाखाली उतरत नसे. मंडळ फुटलं असतं तर या दोन रेड्यांच्या टकरीत आमच्या मैत्रीचा चुराडा झाला असता.

तोडगा काढला पद्माकरकाकांनी. आमच्यातले सगळ्यांत वडील, पेशानं जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, आणि शिवकाळाचं वेड असलेले.

"अध्यक्षच नको," ते म्हणाले. "आठ खाती करा. अष्टप्रधान! प्रत्येकाला पद, प्रत्येकाला काम."

"आणि राजा कोण, काका?" जयंतनं विचारलं.

"महाराजांच्या जागी बसायची लायकी आहे का रे तुझी? सिंहासन मांडायचं आणि रिकामं ठेवायचं. सगळे हुकूम त्याच्या नावानं निघतील."

यावर नाही म्हणायची कोणाची टाप होती? आम्ही भाड्यानं घेत असू त्या शाळेच्या हॉलमध्ये एक जुनी, हातांची लाकडी खुर्ची होती. तिच्यावर भगवी शाल घातली की झालं सिंहासन. काका स्वतः पेशवे झाले. श्रीकांत अमात्य, म्हणजे हिशेब. जयंत सेनापती, म्हणजे खुर्च्या, टेबलं आणि पार्किंग. रेखा मंत्री, कारण जुन्या काळी राजाचं खाणंपिणं मंत्र्याकडे असे. नंदू दाभोळकर सुमंत. त्याच्याकडे परराष्ट्रखातं, म्हणजे शहराचं कौन्सिल आणि शेजारचे गुजराती. मी सचिव, सगळ्या खात्यांवर देखरेख ठेवणारी. आणखी दोघांना न्याय आणि पूजा मिळाली. मग काय विचारता! लोक सुपरमार्केटात दुधाच्या बाटल्या सांभाळत एकमेकांना मुजरे करू लागले. आख्खं राज्य आम्ही उभं केलं, फक्त राजा नेमला नाही.

गणपती बसायच्या दिवशी सकाळी मी देखरेखीला रेखाकडे गेले, तर तिनं शिऱ्याची दोन पातेली भरून ठेवलेली.

"अगं, एवढा शिरा कोण खाणार?"

"हाउन्सलोची कोच येतेय ना! काल फोन आला की मला."

"कोणाचा? मी नव्हता केला."

"तुझा नाही गं. मंडळाचा. आय जस्ट अझ्यूम्ड, काकांनी कोणाला तरी सांगितलं असेल."

लंडनजवळच्या हाउन्सलोची मराठी मंडळी आपला गणपती आपल्या हॉलमध्ये बसवणार होती. त्या दिवशी सकाळी त्यांच्या हॉलचा पाइप फुटला आणि दुपारी ती अख्खी बस भरून आमच्या दारात हजर झाली. शिरा पुरून उरला. जयंतनं खुर्च्याही जास्तीच्या लावून ठेवल्या होत्या. त्यालाही फोन आला होता.

मी शहानिशा सुरू केली, तर फोन आणखीही काहींना आलेले. पद्माकरकाका म्हणाले, आवाज थेट साताऱ्याच्या त्यांच्या हेडमास्तरांसारखा. नंदू म्हणाला, छे, बाईचा आवाज, वयस्कर. रेखाला तो जेवायला हाक मारणाऱ्या वडिलांसारखा वाटला होता. जुळत होतं ते एवढंच, की आवाजाला घाई नव्हती, आणि तो प्रत्येकाला घरच्या टोपणनावानं हाक मारत होता. रेखाचं माहेरचं नाव चिमी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

"घाबरली नाहीस तू?"

"उलट बरं वाटलं गं," ती म्हणाली. "कोणीतरी बघतंय म्हटल्यावर कामाला कसा हुरूप येतो!"

तसा तो सगळ्यांनाच आला होता. आरती वेळेवर, जेवण गरम, पार्किंगवरून एकही भांडण नाही. मराठी मंडळाच्या इतिहासात हाच खरा चमत्कार होता. फक्त श्रीकांत आणि जयंत एकमेकांशी बोलत नव्हते. आणि मला काही फोन येत नव्हता. खरं सांगते, मला थोडा हेवाच वाटत होता.

विसर्जनाच्या दिवशी सकाळी मी पोळ्या लाटत होते आणि श्रीकांत समोर पेपर वाचत बसला होता. फोन वाजला. त्यानं उचलला आणि ऐकता ऐकता तो उठून उभा राहिला. माझा नवरा हॉस्पिटलातल्या बड्या डॉक्टरांसाठीही उठत नाही.

"जी," तो म्हणाला. "जी, आत्ता जातो."

मी पिठाच्या हातांनी रिसीव्हर ओढून घेतला.

फोन कट झालेला नव्हता. त्यात आवाजही नव्हता. पण शांततेचेही प्रकार असतात आणि ते ओळखण्यावरच माझं पोट चालतं. रिकाम्या खोलीची शांतता वेगळी. ही शांतता मोठ्या दालनाची होती, पुष्कळ माणसं श्वास रोखून उभी असलेल्या दालनाची.

श्रीकांत तडक जयंतकडे गेला. अर्ध्या तासानं दोघं हसत हसत, गळ्यात गळे घालून आले. बरोबर रेखा, आणि तिच्या हातात फदफद्याचं पातेलं. मी आनंदानं तिला मिठी मारून रडले. काय झालं, कसं झालं, हे विचारायचं मी सोडून दिलं.

संध्याकाळी हॉलमध्ये लेझीम रंगली. निघताना सगळे प्रधान त्या खुर्चीपुढे वाकले. पूर्वी असं करताना हसू फुटायचं. त्या दिवशी कोणी हसलं नाही.

त्यानंतर मंडळ असं बहरलं, की लोक लांबून बघायला यायचे. गंमत म्हणजे आमच्यातलं कोणी लेस्टर सोडून गेलं नाही. नंदूची बदली ऐन वेळी रद्द झाली. काकांचं पुण्यातल्या फ्लॅटचं जमलेलं फिसकटलं. कोणाला वाईट वाटलं नाही. दोघंही पेढे घेऊन आले.

१९९४च्या वसंतात रेखानं सांगितलं, जयंतला दूर दक्षिणेतल्या बेसिंगस्टोकच्या एका कंप्युटर कंपनीत मोठी नोकरी लागली आहे. त्यांच्या घराला गिऱ्हाईकही मिळालं. खोकी भरून झाली. ती आनंदात होती, म्हणून मीही आनंदात असल्याचं दाखवलं.

रविवारी सकाळी ऊन छान पडलं होतं. चहा समोर निवत होता. राहवेना, म्हणून मी तिचा नंबर फिरवला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं.

"चिमे, जाऊ नकोस," मी म्हणाले.

पलीकडे खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. ती उठून उभी राहिली होती.

"जी," रेखा म्हणाली.

"अगं, मी वीणा बोलतेय."

"जी. नाही जात आम्ही." मग रिसीव्हरवर हात ठेवून तिनं आत हाक मारली. दबक्या, आनंदी आवाजात. "अहो, खोकी उघडायला घ्या परत. त्यांचा फोन आहे."

मी फोन ठेवला. खुलासा करायचा राहिला. मी केला नाही.

पाच मिनिटांत फोन वाजला. रेखाच होती, नेहमीची, खिदळत.

"वीणा, ओळख बघू, आत्ता कोणाचा फोन आला होता!"

"कोणाचा गं?" मी विचारलं आणि चहाचा कप तोंडाला लावला.