सहा नंबरच्या तंबूतलं उत्तर

आफ्रिकेतल्या लुआंग्वा नदीकाठच्या त्या लॉजवर पहाटेचा चहा पोचवण्याचं काम पंधरा वर्षं योतामुकडे होतं. नियम एकच. ट्रे तंबूच्या ओसरीवर ठेवायचा, हाक मारायची आणि आतून पाहुण्याचं उत्तर आल्याशिवाय तिथून हलायचं नाही.

गेल्या हंगामात सहा नंबरच्या तंबूत एक म्हातारे साहेब एकटेच उतरले होते. एका पहाटे योतामुने दोनदा हाक मारली. उत्तर नाही. त्या दिवशी वाटेत हत्ती आडवा आल्याने आधीच उशीर झालेला, आणखी पाच ट्रे निवत चाललेले. तो तसाच निघाला. दुपारी साहेब पलंगाशेजारी जमिनीवर सापडले. डॉक्टर म्हणाले, सकाळी आठपर्यंत जीव होता.

"उत्तर दिलं होतं ना रे त्यांनी?" मॅनेजर डेलियाबाईंनी विचारलं.

"हो मॅडम. म्हणाले, ठेव तिथंच, आभारी आहे."

थाप पचली. पुढे साहेबांच्या बायकोचं पत्र आलं. शेवटचे शब्द आभाराचे होते, तेवढाच आधार वाटतो, असं तिनं लिहिलं होतं. डेलियाबाईंनी ते सगळ्यांना वाचून दाखवलं. योतामु रिकामे ट्रे उचलून बाहेर गेला.

या हंगामात त्याच तंबूत इंग्रिड नावाची तरुण बाई एकटी उतरली. तिसऱ्या पहाटे योतामु ओसरीवर चढला. नदीकडून चिखलाचा आणि पाणघोड्यांचा वास येत होता. बेडूक एकदम गप्प झाले.

"बाईसाहेब, चहा आणलाय..."

"ठेव तिथंच... आभारी आहे..."

आवाज पुरुषाचा होता. म्हातारा, धाप लागलेला. योतामुने ट्रे खाली ठेवला. हे शब्द साहेबांनी कधी उच्चारलेच नव्हते. ते योतामुने स्वतःच्या मनाने रचले होते.

उत्तर आलं होतं, तो निघून जाऊ शकत होता. एकट्या बाईच्या तंबूत न विचारता शिरणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. पण त्याने तंबूच्या दाराची चेन ओढली.

आत ती एकटीच होती. घसा सुजलेला, चेहरा निळा पडलेला, तोंडातून शब्द फुटत नव्हता. योतामुने आरडाओरडा केला. लॉजच्या नर्सने इंजेक्शन दिलं, न्यायला विमान आलं, बाई वाचली.

"तुला कळलं कसं रे?" डेलियाबाईंनी विचारलं.

खरं सांगायची वेळ हीच होती. योतामुने खाली पाहिलं. "उत्तर आलं नाही मॅडम."

"बघा, शिका जरा याच्याकडून!" डेलियाबाई बाकीच्यांना म्हणाल्या. त्याला पंधरा दिवसांची रजा मिळाली.

"देवदूत झालास की लेका! आता चहासुद्धा उडत पोचवशील," आचारी मावुतो हसला.

योतामुला हसू आलं नाही. ज्याला बोलता येत नाही, त्याच्याऐवजी साहेब बोलतात, हे त्याला पक्कं कळून चुकलं होतं. सांगायचं कुणाला? सांगायला गेलं, तर पहिली थापही उघडी पडणार.

दुसऱ्या दिवशी पहाटेच सायकल काढून तो गावी निघाला. जुलै म्हणजे तिकडे ऐन हिवाळा, कडाक्याची थंडी होती. ऊन वर आलं तेव्हा तो घराशी पोचला. अंगण झाडलेलं नव्हतं. कोंबड्या अजून खुराड्यातच ओरडत होत्या. दार आतून बंद होतं आणि फटीतून कोळशाच्या शेगडीचा कोंदट वास येत होता. ऊब राहावी म्हणून बायको टिसाउकेने रात्री शेगडी आत घेतली असणार. खोलीला खिडकी नव्हती.

त्यांच्याकडे स्वतःच्या घरातसुद्धा कुणी एकदम शिरत नाही. बाहेर उभं राहून 'ओडी' म्हणायचं, आतून 'या' आलं की मग पाऊल टाकायचं.

"ओडी! अगं टिसाउके... लुसुंगु, बाळा, बाबा आलाय..."

आत काहीतरी हललं, असं त्याला वाटलं.

"ठेव तिथंच... आभारी आहे..."

योतामुने सायकल टाकली आणि दारावर अंग झोकून दिलं. कडी निघेना. दुसरा धक्का द्यायला तो मागे सरला, तेव्हा तोच आवाज पुन्हा आला. या वेळी खालून, लहानग्या लुसुंगुच्या अंथरुणाच्या उंचीवरून.