आयसोबेलच्या पोटात

कपड्यांची पिशवी टेबलावर ठेवून आश्लेषा गुर्जर खुर्चीत बसली. चहाला तिने हात लावला नाही.

"शनिवारी माझी मुलगी त्याच कोठीत उतरणार आहे," ती म्हणाली. "जिथे तिचा बाबा गेला. सुनीतीताई, मला झोप नाही. कसली भीती वाटते तेही सांगता येत नाही."

सुनीती डबके बर्मिंगहॅमच्या कॉरोनरच्या ऑफिसात वीस वर्षं होती. लोक कसे मेले याची चौकशी करणं हीच तिची नोकरी. ती सोडल्यावर तेच काम ती खासगीत करत होती. तिच्याबरोबर असायचे अवधूतराव: तिच्या दिवंगत बहिणीचे यजमान, पिनरचे निवृत्त डेंटिस्ट. गाडी तेच चालवायचे, पण प्रत्येक केसमध्ये सगळ्यांच्या शेवटी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडायचा. शिवाय ते भित्रे होते आणि ते लपवायचेही नाहीत.

हकिगत साधी होती. हॉर्नमिअर या तळ्याच्या काठी वाफेच्या काळातला कोळसा उतरवायचा धक्का आहे. तिथे 'आयसोबेल' नावाची जुनी कोळसावाहू आगबोट एक ट्रस्ट पुन्हा चालू करत होता. आश्लेषाचा नवरा अर्जुन आणि त्याचा मित्र अजय वीकेंडला बर्मिंगहॅमहून जाऊन तिथे राबायचे. तीन आठवड्यांपूर्वी, शनिवारी सकाळी, अर्जुन बोटीच्या कोळशाच्या कोठीत मेलेला सापडला. अंगावर जखम नाही, पोटात विष नाही. वय एकोणपन्नास, हाफ मॅरेथॉन धावणारा.

"पोस्टमॉर्टेममध्ये काय आलं?"

"कॉज अनसर्टन. बहुतेक हार्ट, म्हणाले. खराब हवेचा संशय पोलिसांना आधी आला होता. पण अर्जुनच्या खिशात गॅस मीटर होता आणि तो चालू होता. अजयदादा स्वतः खाली उतरले, त्यांना काही झालं नाही. दुपारी पोलिसांनी कोठीतली हवा तपासली, तीही ठीक निघाली."

सुनीतीने रबरी हातमोजे चढवून पिशवी उघडली. शर्टाच्या छातीवर कोळशाचा वाळलेला चिखल होता, खपलीसारखा. पाठीवर मात्र नुसती कोरडी काळी पूड. टेबलावर झटकताच ती उडाली आणि अवधूतरावांना शिंक आली.

"हे धुतलं नाहीस?"

"हिंमत झाली नाही."

मग मीटर. हातात मावेल एवढा पिवळा डबा, खिशाला लावायची क्लिप. सुनीतीने पांढऱ्या कापसाने त्याची जाळी पुसली आणि कापूस उजेडात धरला. कापूस पांढराच होता.

"पोलिसांनी पुसला होता का हा?"

"नाही. सीलबंद पिशवीतून तसाच मिळाला."

"चार्जर आहे ना याचा? दे. आणि शनिवारी नक्की काय आहे?"

"कोळसा उपसायचाय. बारा व्हॉलंटिअर कोठीत उतरणार. चैत्रालीला सांगून पाहिलं. म्हणते, बाबाचं काम आहे ते, मी पूर्ण करणार." आश्लेषाने चहाचा कप लांब सारला. "गावातले लोक म्हणतात, ती कोठी माणसं घेते. मी असल्या गोष्टी मानत नाही हो. पण आता मानायला लागलेय."

*

गुरुवारी दुपारी तिघं हॉर्नमिअरला पोचले. तळं शिशासारखं निपचित पडलं होतं. धक्क्यावर गंजलेली वाफेची क्रेन मान वाकवून उभी होती आणि तिच्या खाली आयसोबेल: काळी, रुंद, मधोमध कोठीचं भलंमोठं तोंड. त्या तोंडावर लाकडी फळ्या, फळ्यांवर ताडपत्री. कोपऱ्यात माणूस जेमतेम जाईल एवढं छोटं लोखंडी झाकण होतं. त्याच्या खालीच शिडी.

अवधूतराव झाकणापासून चार हात लांब उभे राहिले. लिफ्टमध्येसुद्धा त्यांना घाम फुटायचा.

सुनीतीने आधी बोटीच्या कॅप्टनला गाठलं. कॉलिन बर्केट, सत्तरीचा, धक्क्यावरच्या टी-रूममध्ये मफिन खात बसला होता.

"अर्जुनशी तुमचं भांडण झालं होतं म्हणे."

"झालं होतं. मला ईस्टरला बोट चालू हवी होती, तो म्हणायचा घाई नको." कॉलिनने बोटं पुसली. "त्याचंच बरोबर होतं. त्या दिवशी मी इथेच होतो, सगळेच इथे होते. साडेनऊला जो पाऊस सुरू झाला, बाहेर पाऊल टाकायची सोय नव्हती. दहा-वीसला थांबला. मी रेडिओ लावून बसलो होतो, म्हणून आठवतंय."

"अर्जुन बोटीवर कधी गेला?"

"सव्वानऊला, पावसाच्या आधी. या खिडकीतून मी हात केला त्याला. अजय त्याच्या शेडमध्ये होता. साडेदहाला तोच धावत आला. मी गेलो तर कोठीच्या फळ्या बाजूला काढलेल्या, लख्ख ऊन, आणि अर्जुन बरोबर मधोमध उताणा. शिडीपासून पाच-सहा पावलांवर. कोरड्या स्ट्रेचरवर घेऊन दोराने वर ओढला आम्ही."

"गावात काय बोलतात कोठीबद्दल?"

कॉलिनने खिडकीतून बोटीकडे पाहिलं. "माझ्या आजोबांच्या वेळची गोष्ट. हिवाळाभर बोट बंद होती. वसंतात एक हमाल कोळसा उपसायला उतरला, तो वर आलाच नाही. दुसरा त्याला आणायला उतरला. तोही नाही आला. ओरडले नाहीत, खोकले नाहीत. तेव्हापासून म्हातारे तिला भुकेली म्हणतात."

अवधूतरावांनी पुढ्यातला मफिन बाजूला सारला.

अजय फाटक त्याच्या शेडमध्ये सापडला. पन्नाशीचा, मृदू बोलणारा माणूस. एका मोठ्या कारखान्यात सेफ्टी इंजिनिअर होता आणि ट्रस्टचं सेफ्टीचं काम त्याच्याकडेच होतं. आश्लेषाला पाहून तो उठला, तिच्यासाठी खुर्ची पुसली. डोळे खोल गेले होते.

"काहीही विचारा," तो म्हणाला. "अर्जुन माझा तीस वर्षांचा मित्र होता."

भिंतीवर त्या दिवसाचं कार्ड अजून लटकत होतं: सकाळी नऊ, कोठीतली हवा तपासली, ठीक. खाली अजयची सही.

"ही तपासणी तुम्हीच केलीत?"

"हो. मग तोच मीटर अर्जुनला दिला. त्याने माझ्यासमोर खिशाला लावला."

"पुढे?"

"पाऊस थांबला तरी तो आला नाही, म्हणून साडेदहाच्या सुमारास बघायला गेलो. छोटं झाकण उघडं होतं. टॉर्च मारला तर तो पडलेला. मी तसाच खाली उतरलो, नाडी पाहिली. नव्हती. चारपाच मिनिटं तरी होतो खाली."

"मोठ्या तोंडावरच्या फळ्या तेव्हा जागच्या जागी होत्या?"

"होत्या. ताडपत्रीसकट. वर आल्यावर मी त्या काढल्या, त्याला बाहेर काढायला. मग कॉलिनकडे धावलो."

"आणि नंतर? बोट पुन्हा कधी बंद केलीत?"

"पोलीस गेले त्या संध्याकाळी. जवळपास तीन आठवडे झाले."

सुनीतीने मान डोलावली. बाहेर आल्यावर अवधूतराव कुजबुजले, "बिचारा. मित्रासाठी त्या अंधारात उतरला. मला नसतं जमलं."

"अवधूतराव, थोड्या वेळाने मी बोटीवर सगळ्यांना बोलावणार आहे. माझा हातमोजा त्या छोट्या झाकणातून खाली पडेल. तुम्ही म्हणायचं, मी आणतो. शिडीच्या दोन पायऱ्या उतरायच्या. डोकं झाकणाच्या वर राहिलं पाहिजे. कुठल्याही परिस्थितीत डोकं खाली न्यायचं नाही."

"का? खाली काय आहे?"

"काही नाही," सुनीती म्हणाली. "तेच तर."



*

चारच्या सुमारास सगळे डेकवर जमले. आश्लेषा, कॉलिन, अजय. चैत्रालीही आली होती, इल्फर्डहून ट्रेनने, पाठीवर सॅक तशीच. वीस वर्षांची, बापासारखी उंच. सुनीतीने तिला बोलावलं नव्हतं.

कॉलिनने छोटं झाकण उचललं. आतून थंड, ओलसर काळोख वर आला. कसलाच वास नव्हता. सुनीती वाकून पाहत म्हणाली, "किती खोल आहे हे?" आणि तिच्या हातातला मोजा निसटून खाली गेला.

आता बोलायचं होतं. अवधूतरावांनी पाऊल उचललं. झाकणाच्या काठाशी आले, खाली पाहिलं, आणि पाय खिळले. मानेवरून घामाची धार पाठीत उतरली. दोनच पायऱ्या, ते स्वतःला सांगत होते. दोनच. पाय हलेना.

"काका, राहू दे. मी आणते."

चैत्राली त्यांच्या बाजूने कधी पुढे आली, कळलंच नाही. सॅक टाकून ती शिडी उतरूही लागली होती. खांदे आत गेले, हनुवटी काठाला लागली. कॉलिन सहज म्हणाला, "तिसरी पायरी सैल आहे, जपून."

सुनीतीचा चेहरा पांढराफटक पडला. ती झेपावली, पण तिच्या आधी अजय पोचला होता. "चैत्राली, नको," तो फुटक्या आवाजात ओरडला. जॅकेटच्या टोपीला धरून त्याने तिला खेचून वर काढलं. दोघं डेकवर कोसळली. त्याने पुन्हा पुन्हा तिचं तोंड न्याहाळलं, ती श्वास घेते आहे ना ते बघायला.

"व्हॉट द... काय झालं, अजयकाका?" चैत्राली कोपर चोळत उठली.

अवधूतराव झाकणाशेजारी मटकन खाली बसले. त्यांच्या भित्रेपणाने आज एक पोर जाता जाता राहिली होती.

सुनीतीने चैत्रालीला झाकणापासून दूर केलं. "ही माझी चूक. तिला इथे थांबूच द्यायला नको होतं." मग ती अजयकडे वळली. "तुम्ही का अडवलंत, अजयराव? खाली हवा ठीक आहे असं तुम्हीच म्हणता. शनिवारी बारा जणांना उतरवणार आहात."



तिने पर्समधून पिवळा मीटर काढला, लांब दोरीला बांधला आणि झाकणातून खाली सोडू लागली. हवेतल्या ऑक्सिजनच्या टक्क्यांचे मोठे आकडे वरूनही दिसत होते. वीस पॉइंट नऊ. वीस. एकोणीस. आणि मग काळोखातून कर्कश किंकाळी उठली. मीटरचा अलार्म. तळ्यापलीकडच्या बगळ्यांनी पंख फडफडवले. कोठीच्या तळाशी आकडा होता, सात.

"कोठीत भूत नाही आणि विषारी वायूही नाही," सुनीती इंग्लिशमध्ये बोलत होती, कॉलिनलाही कळावं म्हणून. "ओला कोळसा आणि गंजणारं लोखंड हवेतला ऑक्सिजन खातात. बंद कोठीत काही आठवड्यांत माणसापुरताही उरत नाही. गुदमरल्यासारखं वाटत नाही, वास येत नाही. माणूस पाच-सहा पावलं चालतो आणि पडतो. पोस्टमॉर्टेममध्ये काही सापडत नाही. तुमच्या आजोबांच्या वेळचे दोघंही असेच गेले, कॉलिन. म्हणूनच मी विचारात पडले. तेव्हा आणायला उतरलेला माणूसही मेला. मग अजयराव कसे वाचले?"

"फळ्या उघड्या होत्या," कॉलिन हळूच म्हणाला.

"त्यांनी सांगितलं, ते उतरले तेव्हा फळ्या बंद होत्या. पण अर्जुनचा शर्ट छातीवर भिजला होता, पाठीवर कोरडा. तो मोठ्या तोंडाखाली उताणा पडला होता. छोट्या झाकणातून तिथवर पाऊस जात नाही. तो बोटीवर गेला तेव्हा पाऊस सुरू झाला नव्हता आणि वर काढला तेव्हा ऊन होतं. म्हणजे भर पावसात, अर्जुन खाली पडलेला असताना, कोणीतरी फळ्या काढल्या. कोठीत ताजी हवा भरावी म्हणून. आणि ती भरेपर्यंत तो वाट पाहत बसला."

दोरीच्या टोकाला मीटर अजून किंचाळत होता. तिने तो वर ओढून बंद केला.

"हा तुम्ही त्याच्या खिशाला लावलात, म्हणता. लावला असता तर शिडीवरच ओरडला असता आणि अर्जुन परत फिरला असता. शिवाय त्याच्या कपड्यांत मूठभर कोळसा होता, याच्या जाळीत कणही नाही. तो नंतर खिशात गेला. अँब्युलन्स येण्याआधी त्याच्यापाशी एकटे तुम्हीच होता. सकाळी नऊला हवा तपासलीच नव्हती ना?"

अजय डेकवर तसाच बसून होता. मग मराठीत बोलला, आश्लेषाकडे न बघता.

"मीटर गाडीत होता. मागच्या वेळी ठीक होतं, म्हणून सही केली. त्याने विचारलं, चेक केलंस ना? मी म्हटलं, हो. पावणेदहाला डोकावलो तर..." त्याने ओठ दाबले. "आयुष्यभर लोकांना हेच शिकवलं मी. खाली उतरलो असतो तर मीही मेलो असतो. फायर ब्रिगेडला फोन केला असता तर सगळं बाहेर आलं असतं. फळ्या काढल्या. वाटलं, ताजी हवा आत गेली की उठेल तो."

"आणि शनिवार?" आश्लेषाने विचारलं.

"मी पहाटेच येऊन फळ्या काढणार होतो. कोणाला काही झालं नसतं."

आश्लेषा त्याच्यासमोर येऊन उकिडवी बसली. तिचा आवाज अगदी शांत होता. अवधूतरावांना त्या शांतपणाचंच जास्त भय वाटलं.

"अजयदादा, तुम्ही डोकावलात तेव्हा तो जिवंत होता का?"

पाणी बोटीच्या अंगाला लागून चपचप करत होतं.

"हात हलला," अजय म्हणाला. "एकदा. मला वाटतं हलला."

चैत्राली दोन्ही हात तोंडावर दाबून रेलिंगकडे वळली. अवधूतराव धडपडत उठले आणि तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. आपण त्या माणसाच्या जागी असतो तर फोन केला असता का, हा प्रश्न त्यांना पडला होता. उत्तर शोधायची त्यांची हिंमत होईना.

आश्लेषाने स्वतःच फोन काढला, पोलिसांचा नऊशे नव्याण्णव लावला. धक्क्याचं नाव सांगितलं, नवऱ्याचं नाव एकेक अक्षर करून सांगितलं. पलीकडून बाईने विचारलं, आत्ता तिथे कोणाच्या जिवाला धोका आहे का?

आश्लेषाने मुलीकडे पाहिलं. मग डेकवर मान खाली घालून बसलेल्या माणसाकडे.

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."